फीड बोर्डावरची फट : पेटंट परीक्षणाच्या दोन बाजू

मोबाइलच्या मनोऱ्यावर उभट, पांढुरक्या पेट्या टांगलेल्या दिसतात. त्या पेटीत बेस स्टेशनचा अँटेना असतो. वरचे कवच, म्हणजे रेडोम, काढले की आत ॲल्युमिनियमचा लांब पत्रा दिसतो, तो रिफ्लेक्टर. त्यावर फुलीच्या आकाराचे डायपोल रांगेने उभे असतात. फुलीची एक भुजा अधिक ४५ अंशांत तर दुसरी उणे ४५ अंशांत कललेली असते, म्हणून एकाच जागेतून दोन स्वतंत्र संकेत पाठवता आणि घेता येतात. डायपोलांच्या पायाशी, रिफ्लेक्टरला लागून जो छापील सर्किट बोर्ड बसवलेला असतो तो फीड बोर्ड. केबलमधून आलेली शक्ती दोन-तीन डायपोलांना ठरलेल्या प्रमाणात आणि ठरलेल्या फेजमध्ये वाटून देणे हे त्याचे काम.

बोर्डाची घडण दिसायला साधी असते. वर तांब्याच्या अरुंद पट्ट्या, मध्ये विद्युतरोधक थर आणि खाली तांब्याचा सलग पृष्ठभाग, म्हणजे ग्राउंड. मायक्रोस्ट्रिप नावाने ओळखली जाणारी ही रचना अमेरिकेतल्या आयटीटी कंपनीच्या अभियंत्यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केली. पट्टीच्या रुंदीवर तिचा इम्पीडन्स ठरतो : ०.७६ मिलिमीटर जाडीच्या आणि ३ डायइलेक्ट्रिक स्थिरांकाच्या थरावर ५० ओहमसाठी पट्टी सुमारे १.९ मिलिमीटर रुंद लागते. पट्टीच्या लांबीवर फेज ठरते. ३.५ गिगाहर्ट्झला हवेतली तरंगलांबी सुमारे ८६ मिलिमीटर असते. अशा बोर्डावर ती ५५ मिलिमीटरपर्यंत आखडते. म्हणजे पट्टी एका मिलिमीटरने लांबली तरी फेज साडेसहा अंशांनी सरकते.

अशा बोर्डाच्या अभियंत्यांना मुख्यतः तीन गोष्टी छळतात. पहिली, एका ध्रुवणाची, म्हणजे फुलीच्या एका भुजेच्या दिशेची, शक्ती दुसऱ्या ध्रुवणाच्या पट्टीत झिरपणे. ही गळती किती रोखली जाते त्याला आयसोलेशन म्हणतात. दुसरी, पॅसिव्ह इंटरमॉड्युलेशन, म्हणजे पीआयएम. सैल सांधा, खराब सोल्डर किंवा धातूला धातूचा अर्धवट स्पर्श असला की दोन वाहक लहरींमधून नकोशी तिसरी लहर जन्मते. वीस-वीस वॅटच्या दोन वाहकांवर चाचणी करताना ही लहर वाहकाच्या १५० डेसिबल खाली असावी, अशी अपेक्षा सर्रास असते. म्हणजे एकावर पंधरा शून्ये इतक्या भागांत एक भाग. तिसरी गोष्ट म्हणजे हाताने करावे लागणारे सोल्डरिंग आणि त्याचा खर्च.

या तिन्हींवरचे उपाय आकाराने लहान असतात : पट्टीचे एखादे वळण, ग्राउंडमधली एखादी फट, पत्र्याला दिलेला खळगा. एवढ्या लहान बदलाला शोध म्हणायचे का, हा फीड बोर्डाच्या पेटंट परीक्षणातला मूळ प्रश्न आहे.

कायद्याची चौकट

भारतात या प्रश्नाचे उत्तर पेटंट अधिनियम, १९७० नुसार शोधले जाते. अर्जात विनिर्देश असतो आणि त्याच्या शेवटी दावे असतात. विनिर्देश शोध समजावून सांगतो, तर दावे हक्काची हद्द आखतात. साधारणपणे १८ महिन्यांनंतर अर्ज प्रसिद्ध होतो. तेवढ्याने परीक्षण सुरू होत नाही. त्यासाठी वेगळी विनंती करावी लागते. मार्च २०२४ मध्ये नियम बदलल्यापासून या विनंतीची मुदत ४८ ऐवजी ३१ महिने झाली आहे. त्यानंतर परीक्षक पूर्वज्ञान, म्हणजे जगात आधीच उपलब्ध असलेली माहिती, धुंडाळून पहिला परीक्षण अहवाल तयार करतो. उत्तरासाठी सहा महिने मिळतात आणि ती मुदत आणखी तीन महिने वाढवून घेता येते. आक्षेप शिल्लक राहिले तर नियंत्रकापुढे सुनावणी होते आणि निर्णय नियंत्रकच देतो. पेटंट कार्यालयाचे मुख्यालय कोलकात्यात आहे, तर मुंबई, दिल्ली आणि चेन्नई येथे शाखा आहेत. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांचे कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे आणि परीक्षकांना प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था नागपुरात.

हे परीक्षण म्हणजे मुळात लेखी संवादच. तो उलगडून दाखवण्यासाठी पुढे एक काल्पनिक अर्ज घेतला आहे. परीक्षकाच्या तोंडी कार्यालयाची बाजू आहे आणि पेटंट एजंटच्या तोंडी अर्जदाराची.

अर्जातला पहिला दावा असा : दोन ध्रुवणांच्या दोन पट्ट्या असलेला फीड बोर्ड, ज्याच्या ग्राउंडमध्ये, पट्ट्या एकमेकींच्या सर्वांत जवळ येतात त्या ठिकाणी एक फट कापलेली आहे. चौथ्या दाव्यात एक भर आहे : फटीच्या बरोबर खाली रिफ्लेक्टरला उथळ खळगा दिलेला आहे. सातव्या दाव्यात एवढेच म्हटले आहे की बोर्डाचे आयसोलेशन किमान ३० डेसिबल असावे.

नावीन्य

परीक्षक : शोध घेताना दोन दस्तऐवज सापडले. पहिल्यात असाच दोन पट्ट्यांचा फीड बोर्ड आहे. त्याचे ग्राउंड सलग असून बोर्ड आणि रिफ्लेक्टर यांच्यामध्ये पातळ विद्युतरोधक थर आहे. दुसऱ्या दस्तऐवजात फिल्टरचा बोर्ड आहे आणि त्याच्या ग्राउंडमध्ये फट आहे. आपल्या पहिल्या दाव्यातला प्रत्येक घटक या दोहोंत मिळून सापडतो.

एजंट : दोहोंत मिळून सापडतो, सर, एकात नाही. नावीन्याचा आक्षेप घ्यायचा तर दाव्यातले सगळे घटक एकाच दस्तऐवजात हवेत. दोन कागद शेजारी ठेवून नावीन्य नाकारता येत नाही.

परीक्षक : मान्य. नावीन्याचा आक्षेप मागे घेतो. दोन दस्तऐवजांचा प्रश्न कल्पक पायरीखाली येईल. मात्र दुसरा दस्तऐवज चिनी युटिलिटी मॉडेल असल्यामुळे त्याला कमी लेखावे, असे आपण लेखी उत्तरात म्हटले आहे. ते स्वीकारता येत नाही. युटिलिटी मॉडेल देताना तिथे कल्पकतेची सखोल तपासणी होत नाही, हे खरे. पण इथे तो दस्तऐवज काय शिकवतो एवढेच पाहायचे असते. एकदा प्रसिद्ध झाला की तो पूर्वज्ञानाचा भाग झाला.

या क्षेत्रात हा मुद्दा वारंवार येतो. अँटेनांच्या लहान सुधारणांवर चीनमध्ये युटिलिटी मॉडेलांची मोठी संख्या आहे, आणि शोधलेखांची व कंपन्यांच्या माहितीपत्रकांची भर त्यात पडते. परीक्षक आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या आधारे शोध घेतो : अँटेनासाठी एच०१क्यू, तरंगवाहिन्या आणि शक्तिविभाजकांसाठी एच०१पी, छापील सर्किटसाठी एच०५के. फीड बोर्ड या तिन्ही वर्गांच्या सीमेवर बसतो. केवळ एच०१क्यू चाळले तर फिल्टरच्या बोर्डावरची फट नजरेतून निसटते.

कल्पक पायरी

अधिनियमाच्या व्याख्येनुसार कल्पक पायरीत विद्यमान ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती असावी, किंवा आर्थिक महत्त्व असावे, किंवा दोन्ही असावीत. आणि त्या विषयातल्या कुशल व्यक्तीला ती सहज सुचण्याजोगी नसावी. ही शेवटची अट कोणत्याही परिस्थितीत सुटत नाही.

परीक्षक : कुशल व्यक्ती म्हणजे इथे अँटेनाचा अभियंता. त्याला आयसोलेशन वाढवायचे आहे. ग्राउंडमध्ये फट कापली की शेजारच्या पट्ट्यांमधली गळती अडते, हे दुसरा दस्तऐवज सांगतो. संगणकावर सिम्युलेशन करून अशी फट तपासायला त्याला एक दुपार पुरते. मग यात कल्पकता कोणती? मिर्झापूरच्या भांड्यांच्या खटल्यात, बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज यात, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच सांगितले आहे की कारखान्यातल्या कारागिराने सहज केली असती अशी सुधारणा पेटंटयोग्य नाही. लेथवर भांडे धरण्याच्या साधनात केलेला बदल तेव्हा त्या कसोटीला उतरला नव्हता.

एजंट : सिम्युलेशन करता आले असते, यावरून ते त्याने केलेच असते असे ठरत नाही. युरोपीय पेटंट कार्यालयात हाच भेद करतात. शिवाय पहिल्या दस्तऐवजात बोर्ड धातूच्या पत्र्याला चिकटून बसला आहे. दुसऱ्यातल्या फटीखाली मोकळी हवा आहे. ती फट पहिल्या बोर्डात तशीच कापली तर खालचा पत्रा तिला झाकून टाकतो आणि फटीचा गुण हरपतो. पत्रा दूर सरकवला तर फटीतून शक्ती मागच्या बाजूला निसटते. अँटेनाच्या अभियंत्याला या दोन्ही गोष्टी ठाऊक असतात, म्हणून रिफ्लेक्टरवरच्या बोर्डात तो फट टाळतो.

परीक्षक : हे उत्तर खळग्याबद्दलचे आहे, मॅडम. पहिल्या दाव्यात खळगा कुठे आहे? तो चौथ्या दाव्यात आहे. पहिला दावा आज जसा लिहिला आहे त्यात पत्र्याला झाकली गेलेली, निरुपयोगी फटसुद्धा बसते.

वादातली ही पहिली खरी प्रगती. परीक्षक दावा वाचतो, शोधकाच्या मनातले नाही. अर्जदाराने जितकी रुंद हद्द मागितली तितके जास्त पूर्वज्ञान तिच्यात शिरते. शोधकाची हुशारी खळग्यात होती आणि मागणी फटीवर केली होती.

एजंट : पहिला आणि चौथा दावा एकत्र करायला अर्जदार तयार आहे. मूळ विनिर्देशात खळगा आकृतीसह वर्णिलेला आहे आणि नव्या दाव्याची हद्द जुन्यापेक्षा अरुंद आहे. त्यामुळे कलम ५९ खाली ही दुरुस्ती बसते.

परीक्षक : दुरुस्ती बसते, पण आक्षेप संपत नाही. फटीमागे धातूची बंद पोकळी ठेवणे अँटेनाशास्त्रात अनेक दशके माहीत आहे. पाठ्यपुस्तकांत पोकळीवरच्या फटीचे अँटेना शिकवतात.

एजंट : त्या पुस्तकांतली फट प्रसारणासाठी असते. पोकळी मागची वाट बंद करून सगळी शक्ती पुढे ढकलते. या बोर्डात फटीने प्रसारण करायचेच नाही. दोन पट्ट्यांमधला प्रवाह अडवायचा आहे. प्रसारणाच्या साधनावरून अडवण्याच्या साधनाकडे जायला अभियंत्याला कारण कोणते, हे आक्षेपात आलेले नाही. ॲग्रिबोर्ड प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले की पूर्वज्ञान काय, अर्जातला शोध काय आणि पहिल्यावरून दुसरे सहज कसे सुचते, या तिन्हींची चर्चा आदेशात हवी. तिसरा दुवा इथे सुटला आहे.

परीक्षक : सगळ्या देशांत इतका स्पष्ट दुवा मागत नाहीत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये केएसआर विरुद्ध टेलेफ्लेक्स या खटल्यात, मोटारीच्या पेडलाला सेन्सर जोडण्याबाबत, ज्ञात घटकांची अपेक्षित फळ देणारी जोडणी सहसा सहज सुचणारीच मानली. तो निकाल भारतात बंधनकारक नाही, पण विचार महत्त्वाचा आहे. प्रश्न असा : फट आणि खळगा एकत्र आल्यावर मिळणारे फळ अपेक्षित होते की अनपेक्षित?

प्रश्नाचा रोख इथे बदलतो. घटक जुने आहेत हे दोघांनाही मान्य आहे. आता तपासायचे ते घटकांमधले नाते.

पुनर्मांडणी की परस्परक्रिया

कलम ३(एफ) नुसार ज्ञात साधनांची निव्वळ मांडणी, पुनर्मांडणी किंवा पुनरावृत्ती हा शोध ठरत नाही, जर प्रत्येक साधन इतरांपासून स्वतंत्रपणे आणि ज्ञात पद्धतीनेच काम करत असेल.

परीक्षक : पट्टी शक्ती वाहते, फट गळती अडवते, पत्रा परावर्तन करतो. प्रत्येक जण आपापले नेहमीचे काम करतो आहे.

एजंट : विनिर्देशातल्या तक्त्यात तीन बोर्डांची मोजमापे दिली आहेत. सलग ग्राउंडच्या बोर्डाचे आयसोलेशन २२ डेसिबल. फट आहे पण खळगा नाही, तेव्हा २३. फट आणि खळगा दोन्ही, तेव्हा ३०. फट एकटी जवळजवळ काहीच करत नाही. फटीशिवाय नुसता खळगा ठेवला तर सलग ग्राउंडच्या मागे असल्याने तोही काही करत नाही. दोघे मिळूनच काम करतात. कलमातला ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द इथे लागू होत नाही.

परीक्षक : हा तक्ता निर्णायक आहे. २२ वरून ३० म्हणजे झिरपणारी शक्ती सुमारे एक षष्ठांशावर आली. एकेका घटकाचे परिणाम बेरजेत घेतले तर इतका फरक निघत नाही. कलम ३(एफ)चा आक्षेप मागे घेता येईल.

हा तक्ता मूळ विनिर्देशात होता म्हणूनच तो इतका उपयोगी पडला. अर्ज दाखल झाल्यावर घेतलेली मोजमापे उत्तरासोबत पुरावा म्हणून मांडता येतात, पण विनिर्देशात नवी माहिती घुसवता येत नाही. ज्या परिणामाचा मागमूसही मूळ कागदात नाही तो नंतरच्या चाचणीने उभा करणे अवघड जाते. फीड बोर्डाच्या अर्जात केवळ आकृत्या न देता तुलनेचा बोर्डही द्यावा लागतो तो याचसाठी.

परिणामावर दावा

परीक्षक : सातव्या दाव्यात आयसोलेशन किमान ३० डेसिबल असावे, एवढेच म्हटले आहे. ते कसे मिळवायचे ते सांगितलेले नाही. हा साध्यावरचा दावा झाला. उद्या कोणी पट्ट्या दूर नेऊन किंवा मध्ये धातूची भिंत उभारून ३० डेसिबल मिळवले तर तोही अडकेल, आणि त्याला तर तुमच्या अर्जदाराने काहीच शिकवलेले नाही.

एजंट : अँटेनाच्या क्षेत्रात गुण आकड्यांतच सांगतात. खरेदीदाराच्या मागणीपत्रातही आयसोलेशन, परतीचा तोटा, पीआयएम हेच आकडे असतात.

परीक्षक : खरेदीदार आकडा मागू शकतो, कारण रचना पुरवठादारावर सोपवलेली असते. पेटंटमध्ये उलट आहे. कलम १० नुसार शोध आणि तो अमलात आणण्याची अर्जदाराला ठाऊक असलेली सर्वोत्तम पद्धत पूर्णपणे उघड करायची, आणि दावे स्पष्ट, नेमके व त्या वर्णनावर आधारलेले हवेत. हक्क रचनेवर मिळतो.

एजंट : मग सातवा दावा सोडून देऊ. त्याऐवजी खळग्याची खोली आणि फटीची लांबी यांचे नाते दाव्यात घालता येईल; विनिर्देशात त्या मर्यादा दिल्या आहेत.

परीक्षक : फटीची लांबी तरंगलांबीच्या निम्म्याच्या आसपास, एवढे म्हटले तर ते पाठ्यपुस्तकातलेच आहे. खळग्याच्या खोलीशी तिचा संबंध सांगितला तर तो या शोधाचा.

मनोऱ्यावरची चाचणी

परीक्षक : एक चौकशी करायची आहे. अर्ज दाखल होण्यापूर्वी हा अँटेना प्रत्यक्ष मनोऱ्यावर बसवला होता का? सार्वजनिक वापर झाला असेल तर नावीन्याला बाधा येते.

एजंट : चार महिने आधी एका ठिकाणी चाचणीसाठी बसवला होता. अँटेनाची खरी परीक्षा उघड्यावरच होते : पाऊस, वारा, शेजारचे अँटेना यांत. कलम ३२ नुसार अर्जाच्या आधीच्या एका वर्षात केवळ वाजवी चाचणीसाठी शोध उघडपणे वापरला, आणि शोधाच्या स्वरूपामुळे तसे करणे गरजेचे होते, तर तेवढ्याने नावीन्य जात नाही.

परीक्षक : सवलत चाचणीपुरती आहे. त्याच काळात विक्री झाली असती तर हे कलम उपयोगी पडले नसते.

भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. त्यानंतर ३.३ गिगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यातले अँटेना वेगाने बसवले गेले. अशा घाईत आधी पुरवठा आणि मग अर्ज हा क्रम घातक ठरतो. आधी अर्ज, मग चाचणी, मग विक्री हाच सुरक्षित क्रम.

नक्षीचे दुसरे कायदे

एजंट : पट्ट्यांची नक्षी जशीच्या तशी उचलण्यापासून संरक्षण हवे असेल तर डिझाइन म्हणून नोंदणी करता येईल का?

परीक्षक : डिझाइन अधिनियम, २००० फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या आणि डोळ्यांनीच पारखल्या जाणाऱ्या रूपाला संरक्षण देतो. रचनेचे तत्त्व किंवा निव्वळ यांत्रिक साधन त्यातून वगळले आहे. फीड बोर्डावरचे प्रत्येक वळण फेज आणि इम्पीडन्ससाठी आहे, आणि बोर्ड रेडोमच्या आत कायमचा झाकलेला असतो. तिथे आधार कमकुवत आहे. सेमीकंडक्टर एकात्मिक परिपथांच्या आराखड्यांसाठी २००० सालचा वेगळा कायदा आहे, पण तो चिपसाठी आहे. छापील बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्या त्यात येत नाहीत.

म्हणून फीड बोर्डाच्या कार्यासाठी पेटंट हाच मुख्य मार्ग उरतो. आर्थिक महत्त्वाचा मुद्दाही तिथेच येतो. फटीमुळे मधली धातूची भिंत आणि तिचे सोल्डरिंग टळले, पीआयएमचा एक संभाव्य उगम गेला, खर्च वाचला. व्याख्येतल्या आर्थिक महत्त्वाला हे पूरक आहे. पण बचत मोठी आहे म्हणून सहज सुचणारी गोष्ट शोध ठरत नाही.

दुरुस्त दावा

शेवटी उभा राहणारा दावा असा : दोन ध्रुवणांच्या पट्ट्यांचा फीड बोर्ड, पट्ट्या सर्वांत जवळ येतात तिथे ग्राउंडमध्ये फट, फटीखाली रिफ्लेक्टरला खळगा, आणि फटीची लांबी व खळग्याची खोली यांचे विनिर्देशात सांगितलेले नाते. मूळ मागणीपेक्षा हद्द खूप लहान झाली, पण ती टिकणारी आहे. आयसोलेशन वेगळ्या मार्गाने साधणारा स्पर्धक मोकळा राहतो. हीच फट-खळग्याची जोडी वापरणारा अडतो.

नियंत्रकाने पेटंट मंजूर केले तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे हक्क चालतो. मंजुरीपूर्वी कोणीही विरोध नोंदवू शकतो, आणि मंजुरी प्रसिद्ध झाल्यावर एका वर्षात हितसंबंधी व्यक्तीला विरोध करता येतो. अर्ज नाकारला तर अपील उच्च न्यायालयात जाते. आधी ते ज्या बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जाई, ते २०२१ मध्ये रद्द झाले.

दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते. लहान दिसणाऱ्या बदलाबद्दल परीक्षकाला शंका होती, कारण फीड बोर्डाचे जवळजवळ सगळे घटक जुनेच असतात. बदल लहान असला तरी क्षुल्लक नाही, असे एजंट म्हणत होती, कारण मिलिमीटरभर तांब्यानेही अँटेनाचे वागणे बदलते. निर्णय बदलाच्या आकारावर झाला नाही, तसाच नुसत्या ३० डेसिबलवरही झाला नाही. कोणती रचना, कोणत्या कारणाने, कोणता परिणाम घडवते, ही साखळी विनिर्देशात लिहिलेली होती आणि वादाअंती दाव्यातही उतरली. फीड बोर्डाच्या परीक्षणात तपासली जाते ती हीच साखळी.